कापशाच्या दाढा आन शेवंतेचं पान

"बाई, तुमचा ससा आजारी नाही. उपाशी आहे," ढोरांचे डॉक्टर म्हणाले.

मले रागच आला. उपाशी? ज्याच्यापुढं रोज पहिले भात पडते, वरून गुळाचा खडा, तो उपाशी? मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, आमच्या घरी माणसाच्या आधी ससा जेवते."

त्याईनं चमच्याच्या दांड्यानं सशाचं तोंड उघडलं. "मोलर वाढलेत," म्हणाले. "मोलर म्हणजे मागच्या दाढा. सशाची दाढ जन्मभर वाढत असते. गवत चावून चावून ती झिजते. तुम्ही मऊ भात घालता, मग झिजणार कशी? तिचं टोक जिभेत रुततंय. भूक आहे, पण चावता येत नाही."

तेव्हा त्याच्या हनुवटीवरच्या लाळेचा अर्थ मले समजला. इतके दिवस मी समजत होती का तो रडून राह्यला.

हा ससा, कापशा, आमच्या पोरीचा, शेवंतेचा. माझी बहीण नागपूरले राह्यते, तिच्या घरवाल्यानं भाचीसाठी आणून देल्ला. आमचं गाव चामोर्शीच्या पलीकडं, सारी धानाची वावरं आन एक तलाव. असा पांढराफेक ससा गावात कोणी पाह्यला नव्हता. शेवंता त्याच्यासाठी रोज वावराच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत कापून आणे आन स्वतः निवडून घाली.

भादव्यात तिले ताप आला. थंडी वाजून येणारा, मग डोक्यात गेला. नाल्याले पूर होता. तिचे बाबा बैलबंडी घेऊन नाल्यापर्यंत जात आन परत येत. चांद्याचा मोठा दवाखाना कुठीच राह्यला, चामोर्शीही दिसली नाई पोरीले. ती गेली. याच्यापेक्षा जास्त मले लिहवत नाई.

दहाव्याच्या दिवशी अंगणात पळसाच्या पानावर तिच्या आवडीचं वाढलं. भात, वडा, गूळ. कावळा काही शिवेना. पाऊस धरला होता, कावळे कुठून येतीन? सारे ताटकळत बसले. तेवढ्यात अंगणाले लागून असलेल्या सपरीतून कापशा उड्या मारत आला आन पानावरचा भात खाऊ लागला. बायांनी हंबरडाच फोडला. शेजारची धुरपताबाई म्हणाली, "पाह्य व माय, पोरीचा जीव सशात आला!"

शेवंतेचे बाबा कुडाच्या भितीले टेकून बसले होते. ते उठले, सशाले उचललं आन उराशी धरून बसले.

त्या दिवसापासून आमच्या घरी पहिलं पान कापशाचं. पान म्हणायचं त्याचं, पण वाढायचं शेवंतेले. सणाले वडा, एरवी भात, आन मोहफुलं. गवताचा विषयच संपला. गवत ढोरं खातात. आपल्या पोरीपुढं गवत कोण टाकन? मलेही ते पान वाढताना बरं वाटे, खोटं काऊन बोलू?

दिवाळी सरली, धान घरात आलं, आन कापशाचं बिघडलं. पहिले वडा सोडला. मग भात तोंडात घेई आन तसाच टाकून देई. लेंड्या बारीक झाल्या, मग बंदच पडल्या. पोट टम्म फुगलं. कोपऱ्यात बसून दात करकर वाजवे. धुरपताबाईनं त्याची नजर काढली, मी पोटाले कोमट तेल चोळलं. काही फरक नाई.

शेवंतेच्या बाबांनी बंडी जुंपली. चामोर्शीले ढोरांचा नवा दवाखाना झाला होता. गावात हसाहशी झाली. कोणीतरी हळूच म्हटलं, "पोरीले नेता आलं नाई, सशाले नेऊन राह्यला." त्याईनं ऐकलं. मीही ऐकलं. नाला लागला, त पाणी बैलाच्या खुराएवढं. मले त्या नाल्याचा इतका संताप आला का मी बंडीतून त्याच्यात थुंकली.

दवाखान्यात म्हशी, बैल, एक लंगडी शेळी, आन माझ्या मांडीवर टोपलीत ससा. एक म्हातारा म्हणाला, "काय व बाई, याले कोणत्या गाडीले जुंपता?" सारे हसले. मी नाई हसली.

बोलावणं आलं, तपासणी झाली, ते मी सुरुवातीलेच सांगितलं. मग लुगड्याच्या फडक्यात कापशाले गुंडाळलं, शेवंतेच्या बाबांनी धरलं आन डॉक्टरनं बारीक कानशीनं दाढेचं टोक घासलं. रक्त आलं. तो धडपडला नाई, तेवढी ताकदच नव्हती त्याच्यात. मग डॉक्टर म्हणाले, "आता फायबर पाहिजे. फायबर म्हणजे चोथा, जो गवतात असतो. त्यानं दाढ झिजते आणि आतडं चालतं. भात, गूळ, वडा बंद. कायमचं बंद."

'कायमचं' म्हटल्यावर शेवंतेचे बाबा उठून बाहेर गेले.

वाचणाऱ्याच्या जिवाले घोर नको म्हणून आधीच सांगून ठेवते, कापशा वाचला. पुढं चांगला जगला, माझी कितीक लुगडी कुरतडली त्या मेल्यानं. त्या डॉक्टरचे उपकार मी विसरली नाई. आन तुमच्या घरी ससा असन, तोही तोंड फिरवत असन, त माझं ऐका. ढिगातलं भिजून वास मारणारं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, देऊ नका. कवळी दूब, म्हणजे दूर्वा, कापा, सावलीत वाळवा, हिरवी राहीन अशी. तो बसते तिथीच ठेवा, थोडी थोडी, सारखी ताजी. वरून सांबार चुरडून टाका. आमच्याकडं कोथिंबिरीले सांबार म्हणतात, त्याच्या वासानं तो हुंगाले तरी येते. तोवर त्याले कोरडा उपाशी ठेवू नका, दूब वाटून पाण्यात कालवा आन चमच्यानं तोंडात सोडा. मी तेच केलं. दिवसभर त्याच्यामागं चमचा घेऊन फिरली. लेंड्या दिसल्या तेव्हा मले कोण आनंद झाला, अंगणातूनच ओरडली.

पण गवताले तो तोंड लावेना. एका सकाळी मी सपरीत आली आन पाहते त काय, पळसाचं पान आन त्याच्यावर गुळाचा भात. शेवंतेचे बाबा बाजूले बसलेले.

"अवो, डॉक्टरनं नाई म्हटलं ना?"

"एक घास देल्ला. एका घासानं काय होते?"

"म्हणूनच तो गवत खाऊन नाई राह्यला! रोज देता तुम्ही. मरन तो."

"आन पान बंद केलं त माही पोरगी उपाशी राहीन!"

मले काय झालं कोण जाणे. ते पान मी उचलून अंगणात फेकलं. "पोरगी मेली!" मी ओरडली. "भादव्यातच मेली. हा ससा आहे, ससा! याले गवत पायजे!"

आमच्या घरात हा शब्द तोवर कोणी काढला नव्हता. त्याईनं माझ्याकडं पाह्यलं. मग कुडात खोचलेला इळा काढला आन तलावाकडं निघून गेले. असा माणूस, हातात इळा, आन समोर तलाव. मनात नाई नाई ते आलं. मी दारातून हालली नाई.

उन्हं चढल्यावर ते आले. डोक्यावर दुबेचा भारा. सावलीत दूब पसरली, ती सुकेपर्यंत तिथीच बसून राह्यले. मग एक काडी कापशापुढं धरली. त्यानं तोंड फिरवलं. दुसरी धरली. तेच. मग त्याईनं काडी स्वतःच्या ओठात धरली आन जमिनीवर पालथं झोपून तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं. कापशानं हुंगलं. टोक ओढलं. चावताना थांबला, परत चावलं, आन सारी काडी आत गेली. दुसरी काडी त्यानं आपणहून उचलली.

शेवंतेच्या बाबांनी कपाळ भुईले टेकवलं आन मोठ्यानं रडू लागले. पोरीले मसणात नेलं तेव्हा रडले नव्हते. मी त्यायच्या पाठीवर हात ठेवला, आन मग मलेही आवरेना. दोघंही गळा काढून रडलो.

आवाज ऐकून धुरपताबाई धावत आली. दारातच छाती धरून उभी राह्यली. "अवं माय, ससा गेला का व?"

मी डोळे पुसले. "नाई बाई," मी म्हटलं. "ससा वाचला. आमची शेवंता गेली."