शाफ्टला आवतन

बाबांची जुनी गाडी अकोल्याच्या गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी तिच्या पोटाखालचा गंज काढून घ्यावा, म्हणून मी अमरावतीच्या एका गॅरेजात गेलो. पोळा उद्यावर आला होता. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. त्यानं मागच्या चाकांना ताकद पोचवणारा लांब शाफ्ट काढला, घासला, काळा रंगवला आणि कडुनिंबाच्या फांदीला टांगला. वाळेपर्यंत तो वाऱ्यावर संथ फिरत राहिला. पानांच्या सावल्या त्याच्यावरून सरकत होत्या आणि आम्ही दोघं नुसते बघत बसलो होतो.

मग शाफ्ट बसवून, गाडीखाली आडवं पडूनच, त्यानं सांध्यांना पळसाच्या पानानं ग्रीस चोळलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, अगदी तसं. चोळता चोळता, तेव्हा बैलांना म्हणतात तेच पुटपुटला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी हसलो. "मिस्त्री, ही तर विकायची आहे."

"मंग आदी सांगाचं ना भाऊ," तो खालूनच म्हणाला. "आवतन देल्लं जनावर उपाशी बाजारात नेत नाई."

पोळा कधीच होऊन गेला. अकोल्याहून फोन आला की मी सांगतो, तिचं जेवण व्हायचंय अजून.