मेट्रोच्या काळ्या काचेत

मित्रांनो, आज दुपारी देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो होतो, तर पुण्याहून लेकाचा व्हिडिओ आला. खाली लिहिलेलं, "आबा, मेट्रो जमिनीखाली शिरताना दोन गाड्या बघा किती जवळून जायल्यात!"

खरंच लय जवळून. दुसरी गाडी खिडकीला इतकी लगटून गेली की बसल्या जागी मी अंग चोरलं.

ती गेली अन् गाडी बोगद्यात शिरताच अंधारानं काच काळी झाली. तिच्यात माझा लेक दिसला. त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलेला माझ्या धाकट्या भावाचा पोरगा.

शेताच्या हातभर धुऱ्यावरून, म्हंजे बांधावरून, आमी दोघं भाऊ चार वर्षं बोलत न्हाई. पोरांनीही बोलायचं न्हाई, ही ताकीद माझीच.

लगेच फोन लावला. "कुनासंग हायस रे?"

"एकटाच हाय, आबा."

अडखळला सुद्धा न्हाई. सवय झालेली दिसती. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

एसटी आली अन् गेली, मी अजून फाट्यावरच हाय. आमच्या लेकरांना शेजारी बसायला जमिनीखाली जावं लागायलंय. तुमची लेकरं तुमाला खरं सांगतात का?