ताऱ्याच्या मांगं

आकाशाचे फोटो काढते म्हटलं की लोक हमखास चंद्राचा फोटो मागतात. मला त्याचा फार राग येतो. चंद्र कोणालाही दिसतो, त्याच्यासाठी मी कशाला डास मारत बसू? मला जे हवं होतं ते नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि ते मला माझ्या वडिलांना दाखवायचं होतं. त्यांची नजर जायच्या आत.

बाबांनी जन्मभर धान पिकवलं आणि जन्मभर जागल केली. अड्याळकडच्या आमच्या शेतात रानडुकरं येतात. धान निसवायला लागलं, लोंब्या बाहेर पडू लागल्या की एका रात्रीत बांधीच्या बांधी, म्हणजे धानाचे अख्खे वाफे, लोळवून टाकतात. म्हणून शेतात मचाण बांधायचं आणि रात्रभर राखण करायची. लहानपणी मी संध्याकाळी डबा घेऊन जायची आणि हट्ट करून मचाणावरच झोपायची. चारी बाजूंच्या शेतांतून राखणदारांचे हाकारे यायचे. अशाच एका रात्री बाबांनी वर बघत विचारलं, "तारे त दिसतेत. पन ताऱ्याच्या मांगं काय हाय वं?"

मी शाळेत हुशार. ठसक्यात सांगितलं, "काही नाही. अंधार."

"असं कसं काहीच नाही?" बाबा म्हणाले आणि कूस बदलून डुकरांची चाहूल घेऊ लागले.

पुढे मी भंडाऱ्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. तिथल्या कपाटातली पुस्तकं वाचताना कळलं की आपल्याला दिसतात ते सगळे तारे आपल्या एकाच आकाशगंगेतले. त्यांच्या मागे दुसऱ्या आकाशगंगा आहेत, कुठे दोघी, कुठे तिघी, कुठे घोळक्यानं. म्हणजे बाबांची शंका खरी होती आणि माझं उत्तर साफ चुकलेलं होतं.  एवढं सगळं मागे होतं आणि मी 'काही नाही' म्हणून मोकळी झाले होते!

मग एक जुना कॅमेरा, छोटी दुर्बीण आणि ताऱ्यांच्या चालीनं हळूहळू फिरणारा स्टँड, असा संसार जमवला. दोन वर्षं छंद म्हणून रमतगमत चाललं होतं. मग बाबांना दवाखान्यात नेलं आणि काचबिंदू निघाला. कडेची नजर गेलेली, मधली तेवढी उरलेली, तीही किती टिकेल ते डॉक्टरांना सांगता येईना. ऑटोत बाबा म्हणाले, "नळीतून पायल्यावानी दिसते मले."

"मंग तुमाले दुर्बीण कायले पायजे?" मी चिडवलं. ते हसले. त्यांना अड्याळच्या एसटीत बसवून दिलं आणि स्टँडवरच्या बाकड्यावर बसून मी रडले.

भंडाऱ्याच्या गच्चीवरून काही साधेना. शहराचं आकाश रात्रीही पिवळट असतं. गोंदिया वेगळा झाला, जिल्हा अर्धा झाला, तरी दिवे काही कमी झाले नाहीत. गावात विहारासमोरच्या खांबावरही नवा पांढरा दिवा आलेला. खरा अंधार उरला होता तो फक्त आमच्या शेतात. म्हणून फाल्गुनातल्या अमावस्येच्या आसपास रजा टाकून मी सगळं बिऱ्हाड घेऊन बाबांच्या मचाणाखाली गेले. उन्हाळी धान निसवत होतं.

मला हवं होतं सिंह राशीतलं तीन आकाशगंगांचं त्रिकूट, पूर्वा नक्षत्राच्या थोडं खाली. पूर्वा म्हणजे बाबांसाठी पावसाचं नक्षत्र. ती अशी चैत्राच्या तोंडावर डोक्यावर कोरडी उभी असते याची त्यांना गंमत वाटली. मी सांगितलं, की हा एक फोटो नसतो. दोन-दोन मिनिटांचे पुष्कळ फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे अंधुक असतं ते उजळतं.

"मंजे पुंजनं घालनं होय," बाबा म्हणाले. कापलेल्या धानाच्या पेंढ्या रचून करतात तो ढीग म्हणजे पुंजनं. इतकं सोपं करून मला कोणी शिकवलं नव्हतं.

पण पहिल्या रात्री सगळा विचका झाला. हाकाऱ्यांचा जमाना गेला होता, आता राखणदारांच्या हातात बॅटऱ्या होत्या. टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात. बाबा दर थोड्या वेळानं बॅटरी उंच करून एकदा लावायचे आणि माझा फोटो पांढराफटक व्हायचा. दहाव्यांदा असं झाल्यावर माझा तोल सुटला.

"बाबा, बंद करा न थे बॅटरी! काहून लावून राहिले सारखी?"

"डुकराले तुया फोटो समजते का?" तेही तडकले. मी सामान आवरलं आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या रात्री बाबांनी बॅटरी लावलीच नाही. नुसते कान देऊन बसले. माझे फोटो एकामागून एक स्वच्छ येऊ लागले. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तीन फिकट बोटं उमटली. एक आडवी चीर, दोन तिरप्या.  तो उजेड साडेतीन कोटी वर्षांपूर्वी तिथून निघाला होता, माणूस नावाची चीजच नव्हती तेव्हा, आणि वाटेत कुठेही न अडता आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन पोचला होता. मी खाली मातीत बसले. 

इतक्यात धुऱ्यांवरून उजेड हलताना दिसले. तिन्ही बाजूंनी माणसं काठ्या घेऊन धावत येत होती. सगळ्यांच्या बॅटऱ्या आमच्यावर.

"काकाजी! ओ काकाजी! काय झालं? पान लागलं का?" पान लागणं म्हणजे साप चावणं.

"मले काय होते गा?" बाबा मचाणावरून म्हणाले.

"तुमचा उजेड दोनदा दिसला नाही," शेजारच्या शेतातला माणूस धापा टाकत होता. "आमी दाखवला त जवाब नाही. आमाले वाटलं..."

 मग मला कळलं. ती बॅटरी डुकरांसाठी नव्हतीच. एकानं उजेड दाखवायचा, बाकीच्यांनी जवाब द्यायचा, जागा आहेस ना, धड आहेस ना, एवढंच त्यात असायचं. बाबांना कडेचे जवाब आता दिसत नव्हते, तरी ते अंदाजानं आपला उजेड दाखवत होते. शेजाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून ते बाबांच्या मचाणावर जरा जास्तच लक्ष ठेवून असायचे. आणि मी बापावर ओरडून तेवढाच बंद करायला लावला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमी सांगतलं काहून नाही मले?" मी बाबांना विचारलं.

"तुया फोटो बिघडत होता न माय."

मग सगळ्यांनी कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. साडेतीन कोटी वर्षं ऐकल्यावर काठ्या खाली टेकल्या गेल्या.  शेजारचा म्हणाला, "बाई, तू काढ फोटो. आज आमीबी बॅटरी नाही लावत. आवाज देतो."

त्या रात्री कित्येक वर्षांनी शिवारात हाकारे घुमले. एका मचाणावरून होऽऽ, दुसऱ्यावरून होऽऽ, आणि आमच्या डोक्यावरून बाबांचा खडा आवाज. खाली कॅमेरा उघडा, वर पूर्वा कलत चाललेली. मी कोणताही देव मानत नाही, पण त्या रात्री हात आपोआप जोडले गेले.

फोटो रचायला आठवडा लागला. रविवारी लॅपटॉप बाबांच्या पुढ्यात ठेवला. नळीतून पाहावं तसं त्यांनी मान फिरवत फिरवत एकेक आकाशगंगा शोधली. तिसरी सापडायला वेळ लागला.  मग त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या बारीक ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"हे अन् काय?"

"त्याबी आकाशगंगाच हायत बाबा. या तिघींच्या मांगच्या. लय दूरच्या."

"मांगच्या," ते म्हणाले. "अन् तू मने काही नाही."

इतक्या वर्षांनी! त्यांना ते आठवत होतं. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

संध्याकाळी अंधार पडल्यावर बाबा खुंटीवरची बॅटरी घेऊन अंगणात गेले. ती वर आभाळाकडे धरली, एकदा लावली आणि विझवली.

"हे काय?" मी विचारलं.

"त्यायनं उजेड दाखवला न? आपुन जवाब नाही द्याचा का?"

जवाब पोचायला किती वर्षं लागतील ते माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

आता बाबांना काहीच दिसत नाही. जागल सुटली, मचाण दुसऱ्याचं झालं. पण अमावस्येला मी गावी असले की ते अंगणात खाट टाकायला लावतात आणि बॅटरी मागतात. वर धरतात, बटण दाबतात आणि विचारतात, "लागला का वं उजेड?"

"लागला बाबा," मी सांगते. "निघाला."