एका गाईडवरच्या दोघी

एसटी स्टँडच्या बाकावर दोन मुली नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचं एकच गाईड घेऊन बसल्या होत्या. एक प्रश्न विचारत होती, दुसरी डोळे मिटून उत्तरं देत होती.

मी आणि सविता अशाच बसायचो. ती विचारायची, मी सांगायचे. डोळे मिटून उत्तर देणाऱ्याला समोरचा चेहरा दिसत नाही.

"फॉर्मची तारीख वाढलीय गं, सावकाश भर," असं तीच म्हणाली होती. तारीख वाढली नव्हती. तिचा फॉर्म मात्र आधीच गेला होता.

पुढे शाळेतल्या बाईंनी धीर दिला म्हणून मी बी.ए. झाले, घरातली पहिली पदवीधर. त्यांचे उपकार विसरणार नाही. पण एकदा सविताला विचारलंच, तारखेचं खोटं का सांगितलंस म्हणून.

"तू परीक्षेला बसली असतीस, तर माझा नंबर लागला नसता," ती म्हणाली.

माझी तयारी तिच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती.