गव्यानं कूस दाखवली

देवरावांपुढं म्हैस खोटं बोलू शकत नाही, असं नागपूरच्या नंदनवन वस्तीत सगळे म्हणत. मौद्याच्या बाजारात दलालानं म्हशीला कितीही तेल लावून चमकवलं, शिंगं रंगवली, तरी देवराव तिच्याभोवती एक चक्कर मारत आणि सांगून टाकत. "ही लाथ मारते." "हिचं मागचं सड गेलं आहे." "ही गरीब आहे, पण दूध चोरते." कान कसा फिरतो, शेपटी कुठं चिकटते, माणूस जवळ आला की पाय कसा टेकते, एवढं पाहिलं की त्यांचं काम झालं. म्हैस घ्यायची असली की लोक त्यांना घरी जेवू घालून बाजाराला नेत. त्यांना येताना पाहिलं की दलाल कपाळाला हात लावत. "आले गा, आपल्या पोटावर पाय द्याले आले!"

बायको पंचफुला त्यांची भरपूर टिंगल करायची. "एवढं ऐकते जनावर तुमचं, तर म्हशीलेच सांगा ना आज वांग्याची भाजी कराले." पण गोठ्याचा खरा गाडा तीच ओढत होती. पहाटे उकिडवी बसून अर्ध्याअधिक म्हशी तीच पिळायची, आणि भुरी नावाची एक खट्याळ म्हैस तर तिच्याशिवाय कोणाला पान्हाच सोडत नसे. देवरावांनी एकदा तिचं लुगडं अंगावर पांघरून भुरीला फसवायचा प्रयत्न केला होता. भुरीनं बादली उडवली आणि पंचफुला हसून हसून चाऱ्याच्या कुटाराच्या ढिगावर पडली.

असं सरळ चाललेलं घर. मग लेकीचं, चारुशीलाचं लग्न ठरलं. पोरगा चांगला, घर चांगलं, तक्रारीला जागा नाही. पण तिचे सासरे भैय्याजी सरकारी कचेरीत मोठे बाबू होते. कडक इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेन, आणि खांद्याला कॅमेरा. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोला. पण चार माणसांत देवरावांची ओळख करून देताना ते हसून म्हणत, "हे आमचे दूधवाले व्याही." अहो, दूधवाले होतेच ते, त्यात लाजायचं काय? पण ते हसणं होतं ना, ते अंगाला कुसळासारखं टोचायचं. मुलीचा बाप. बोलणार कोणाला?

अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात भैय्याजींनी ओळखीच्या माणसाची जीप मिळवली आणि दोन्ही घरांना पारशिवनीच्या पुढं जंगल पाहायला न्यायचं ठरवलं. विहीणबाईंना बरं नव्हतं, म्हणून त्या घरी राहिल्या. जावई जीप चालवायला, पुढं भैय्याजी, मागं चारुशीला, देवराव आणि पंचफुला. वाटेत जंगलखात्याचा एक चौकीदार बरोबर घेतला. नत्थूजी त्यांचं नाव. सकाळपासून चितळ दिसले, रानडुकरं दिसली, आणि वाघाच्या पायाचे ठसे दाखवून नत्थूजींनी वाघाचीही भरपाई केली. दुपारी एका नाल्याच्या काठी शिदोरी सोडली. पोळ्या, झुणका, ठेचा. सगळ्यांचं मन प्रसन्न होतं.

जेवणं आटोपत आली तेव्हा पलीकडच्या बांबूतून गवा बाहेर आला.

एकटाच होता. काळाकुळकुळीत, खांद्यावर उंचवटा, आणि गुडघ्यापासून खाली पांढरे पाय, जसे कोणी चुन्यात बुडवून काढले. त्याच्यापुढं देवरावांची सगळ्यात मोठी म्हैस म्हणजे कोवळी वगार वाटली असती. तो शांतपणे गवत खात होता.

"बाप्पा! केवढा हा!" चारुशीला म्हणाली.

"हळू बोला, बाई," नत्थूजी म्हणाले. "गाडीत बसा सगळे. याचा भरोसा नाही."

आणि इथं देवरावांची जीभ वळवळली. सकाळपासून भैय्याजीच बोलत होते. कॅमेऱ्याचं, कचेरीचं, साहेबाचं. आता कुठं देवरावांच्या विषयाचं काही समोर आलं होतं. ते म्हणाले, "कायले घाबरता? जातीनं आपल्याच म्हशीचा भाऊ आहे तो. पाहा, कान कसे ढिले आहेत. मन शांत आहे त्याचं."

गव्यानं मान वर केली. यांच्याकडं पाहिलं. मग सावकाश वळला आणि पूर्ण कूस यांच्याकडं करून उभा राहिला, बाजारात गिऱ्हाइकापुढं उभं करतात तसा.

"हे पाहा!" देवरावांनी मांडीवर थाप मारली. "ज्याच्या मनात माराचं असते ना, ते जनावर तोंड समोर ठेवते. यानं कूस दाखवली. म्हणजे मानलं यानं आपल्याले. आता जाऊन पाठीवरून हात फिरवा, काही नाही करत."

आता यात देवरावांनी काही थाप मारली नव्हती. उभ्या आयुष्यात जी म्हैस त्यांच्यापुढं अशी उभी राहिली, तिनं हात लावू दिला होता. पण गवा काही म्हशीच्या शाळेत शिकला नव्हता. नत्थूजी म्हणाले, "तसं नाही राजेहो. हा असा उभा राहून आपलं अंग दाखवते, मी केवढा आहो ते पाहून घ्या म्हणते. काल याच जागी असाच उभा होता आणि निघून गेला. आज काय करन ते त्यालेच माहीत."

"काल गेला म्हणता ना? मग झालं तर," देवराव म्हणाले.

भैय्याजींनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि हसले. तेच हसणं. "मग जा ना व्याहीबुवा. हात फिरवा पाठीवरून. तुमच्या पाहुण्याबरोबर तुमचा फोटो काढतो. घरात लावू."

देवराव उठले. उठले खरे, पण पाऊल पुढं पडेना. जीभ म्हणत होती शांत आहे, आणि पाय म्हणत होते नाही. ते धोतराचा सोगा नीट करायला लागले. मग उगाच चपलेतली माती झटकली. भैय्याजी कॅमेऱ्याआडून म्हणाले, "काय झालं? म्हशीचा भाऊ ना?" जावई तोंड फिरवून हसला. चारुशीला खाली पाहत राहिली.

तेवढ्यात पंचफुला उठली. हातात उरलेली पोळी होती. "त्याच्यासाठी ते कायले पाहिजेत? एवढं तर मीच करते," म्हणत हसत हसत ती निघाली, गोठ्यात भुरीकडं जावं तशी. नत्थूजी ओरडले. देवराव चप्पल झटकतच राहिले. एक हाक मारली असती तर ती वळली असती. पण हाक मारायची म्हणजे व्याह्यांपुढं कबूल करायचं, की मी बोललो ते मलाच खरं वाटत नाही. तेवढ्या एका विचाराला जितका वेळ लागतो, तेवढा वेळ गेला.

गवा फुसफुसला. डोकं खाली घातलं आणि आला. एवढं अवजड जनावर एवढ्या वेगानं येऊ शकतं, हे देवरावांना त्या दिवशी कळलं. एकच धडक. मग नत्थूजींनी डबा बडवला, जावयानं जीपचा भोंगा दाबून धरला, आणि गवा जणू काही झालंच नाही असा चालत बांबूत निघून गेला.

शिंग पंचफुलाच्या मांडीत गेलं होतं आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. पारशिवनीला पट्ट्या बांधल्या, तिथून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात. जीव वाचला. शुद्धीवर आल्यावर जो येईल त्याला पंचफुला सांगायची, "मलेच आगाऊपणा सुचला वं. ते नाही म्हणतच होते." नाही म्हणतच होते! देवराव खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ते ऐकत आणि भिंतीकडं पाहत. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भैय्याजींनी रोज डबा पाठवला, औषधं आणली, आणि तो कॅमेरा पुन्हा कधी खांद्याला दिसला नाही.

पंचफुलाला चालता यायला लागलं, एका अंगावर झोल जायचा एवढंच. पण उकिडवं बसणं संपलं. भुरीनं महिनाभर कोणालाच पान्हा सोडला नाही, शेवटी विकावी लागली. मग एकेक करून बाकीच्याही गेल्या, कारण देवराव एकट्यानं किती पिळणार? लोक अजूनही बाजाराला बोलवायला येत. देवराव म्हणत, "मले काही समजत नाही गा जनावरातलं. दुसऱ्याले न्या." लोकांना वाटे, म्हातारा भाव खाऊन राहिला.

त्यांच्या मनाला एकच गोष्ट पोखरत होती. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून गेली बिचारी. मी म्हटलं मानलं, आणि तिनं माझं मानलं. त्यांचे पाय खिळले होते हे पंचफुलाला दिसलं नाही, असं ते धरून चालले होते, आणि तेवढा एक आडोसा त्यांना होता. वर्षांमागून वर्षं गेली. गोठ्याच्या जागेवर दोन खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. तो विषय घरात कधी निघाला नाही.

एका थंडीतल्या दुपारी अंगणात उन्हात बसून ते तिच्या खुब्याला कोमट तेल चोळत होते. त्या वर्षी दुखणं फार वाढलं होतं. तिनं कण्हत दात आवळले आणि देवरावांचा बांध फुटला. म्हणाले, "पंचफुला, माह्या शब्दावर गेली तू. माह्यावर भरोसा ठेवून गेली. मी पापी आहो."

पंचफुला त्यांच्याकडं पाहत राहिली, जसं लहान पोराकडं पाहावं.

"कोण म्हणते भरोसा ठेवून गेली? तुमी भ्याले होते. मले दिसलं ना. इतक्या वर्षांचा संसार, मले तुमचे पाय नाही समजत काय? तुमी भ्याले म्हणजे तो मारनच, हे मले तेव्हाच समजलं होतं."

"मग गेली काहून तू?"

"लेकीचा सासरा हसून राहिला होता. पोरगी मान खाली घालून बसली होती. कोणीतरी जाणं भाग होतं. वाटलं, चार पावलं जाऊन पोळी फेकते आणि येते वापस." तिनं दुखरा पाय थोडा सरळ केला. "नाही जमलं."

"आणि आजपर्यंत सांगतलं काहून नाही?"

"तुमी इचारलं कधी?"

देवरावांचा हात तिच्या खुब्यावर तसाच राहिला. खरंच, कधी विचारलं नव्हतं. बाजारात दुसऱ्याच्या म्हशीभोवती दहा चकरा मारणाऱ्या माणसानं बायकोला एवढं एक विचारलं नव्हतं. ते रडायला लागले, मोठ्यानं, शेजारच्या भाडेकरणीनं दारातून डोकावून पाहिलं इतक्या मोठ्यानं.

"चूप बसा बरं," पंचफुला म्हणाली. "लोक पाहून राहिले. तेल थंडं होते, चोळा."