शीलाचा बारा बाय आठचा फ्लेक्स

अमडापूरच्या बसस्टँडवर उतरून कोनालेही इचारा, मोटार कोन भरते, तं पोट्टंही माह्याच दुकानाकडे बोट दाखवते. माणिकराव हिवाळे, मोटार रिवायंडिंग. बोअरची जळालेली मोटार मी तांब्याच्या तारेनं भरतो, आन मी भरलेली मोटार पाच वर्षं वापस येत नाही. नववी नापास, पन तारेचे फेरे मोजाले मले कॅल्क्युलेटर लागत नाही. हे सारं खरं हाये, पन हे काही मोठं नाही. मोठी हाये माही बहीण. धम्मशीला. आमची शीला.

बाप गेला तवा ती सात वर्षांची होती आन मी सतराचा. माय लोकायच्या वावरात निंदाले जाये, मी मोटारीच्या दुकानात शिकाले जाओ. शीलाले सांभाळलं शेजारच्या पुष्पाबाईनं. पुढं शाळेत खिचडी सुरू झाली, ती पुष्पाबाईच शिजवे. सारी पोरं जेवून गेली की गंजाच्या बुडाले लागलेली खरवड उलथन्यानं काढून ती शीलासाठी वाटीत ठेवे. शीला चुलीपाशी खाली बसून खाये आन वाटी धुऊन ठेवे. पुष्पाबाईले लेकरू नव्हतं. "शीले" म्हनून हाक मारली की आमच्या घरातून ही पयत सुटे.

तीच शीला चिखलीले बारावी झाली, संभाजीनगरले वकिली शिकली, मंग वकिलीच्या वरची, मंग डॉक्टरकी. दवाखान्याची नाही, पीएचडीची. बँकेचा कायदा, कंपन्या लोकायपासून पैसा उभा करतात त्याचा कायदा, आन आता जो नवा डिजिटल पैसा आला, त्याचा कायदा. आमच्या तालुक्यात या विषयाची दुसरी डॉक्टर मले कोनी दाखवून द्या.

म्या तिले एकदा इचारलं, की हे शिकून काय करतं वं, कोर्टात काऊन नाही उभी राहत. ती दुकानात स्टुलावर बसून होती, मी तार गुंडाळून राह्यलो होतो. तिनं जे सांगतलं ते मले आजही पाठ हाये.

"दादा, तू मोटार भरतो तवा गिऱ्हाइकाले आतली तार दिसते का? तो तुह्या नावावर इस्वास ठेवते. बँकेचं, कंपनीचं, कॉइनचं तसंच हाये. लोकायले आतलं दिसत नाही, म्हनून कायदा लागते."

त्याच दिवशी तिनं आनखी एक सांगतलं होतं. कंपनी जो कागद दाखवून लोकायले पैसे मांगते, त्याच्यावर कोन्या जानकाराचं नाव टाकाचं असंन, तं त्या जानकाराची लेखी संमती पाह्यजे. म्या मान डोलवली. ते मात्र मनात राह्यलं नाही.

आता तासिकेचं सांगतो, कारन बाहेरच्याले वाटते प्रोफेसर म्हनजे गाडी-बंगला. शीला आठ वर्षं एका लॉ कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून राह्यली होती. जेवढे तास शिकवलं तेवढ्याचा पैसा. उन्हाळ्यात कॉलेज बंद, पगार बंद. पक्क्या जागेवर लागाचं तं डॉक्टरकी पाह्यजे होती, तिच्यासाठी तिनं लग्नाची स्थळं वापस धाडली. दोन हजार तेवीसच्या नोव्हेंबरात डॉक्टरकी झाली, आन पुढच्या उन्हाळ्यात पक्की जागा निघनार होती. साऱ्या आयुष्याचं जे होतं ते त्या एका जागेवर होतं. मी गावात पयलेच सांगून मोकळा झालो होतो, की लागली.

आनखी एक म्या केलं. साऱ्या गावाले शिकवलं, की आता तिले शीला म्हनाचं नाही, मॅडम म्हनाचं. सरपंच मॅडम म्हने, कंडक्टर मॅडम म्हने. पुष्पाबाईले सांगतलं तं ती हासाले लागली.

"तिचा शेंबूड म्या पुसला. मी काऊन मॅडम म्हनू तिले?"

म्या शीलाले फोन केला, की बसस्टँडवर तुहा फ्लेक्स लावतो. ती नको म्हने. म्या म्हनलं, ज्याचं पोट्टं दहावी पास होते तोही फ्लेक्स लावते, आन माह्या बहिणीचा नाही? लय वेळ वाद झाला. तिचा तास होता, ती थकली, म्हने, बरं लाव, पन छापाच्या आधी मले फोटो पाठव.

आमच्याकडे फ्लेक्स म्हटला की खाली शुभेच्छुकाइची रांग असते. गोल गोल फोटो, खाली नाव, आन खर्च साऱ्याइच्यात वाटून. माह्या बाजूच्या गाळ्यात तवा मलकापूरचा प्रज्वल नावाचा तीसेक वर्षांचा गडी आला होता. मोबाईलमधलं कॉइन इके. त्या कॉइनचं नाव मी आता तोंडानं घेत नाही. आज टाकलं की वर्षात दुप्पट, असं तो चहा पाजून सांगे. तो म्हने, भाऊ, दहा शुभेच्छुक कशाले गोळा करता, साऱ्या फ्लेक्सचा खर्च माहा, फक्त खाली माहा फोटो आन कॉइनचं नाव. मले बरंच वाटलं. माह्या बहिणीसाठी मलकापूरचा मानूस पैसे देऊन राह्यला.

चिखलीले वहाबभाईच्या दुकानात फ्लेक्स बनवला. बारा बाय आठ. वर लिहलं, डिजिटल करन्सीच्या पहिल्या महिला डॉक्टर, प्रा. डॉ. धम्मशीला हिवाळे यांचे हार्दिक अभिनंदन. वहाबभाईनं कम्प्युटरवर दाखवलं आन म्हनला, "माणिकभाऊ, शुभेच्छुक तुमच्या बहिणीपेक्षा मोठा दिसून राह्यला." म्या म्हनलं, असू द्या, खर्च त्याचा हाये.

फोटो शीलाले पाठवला नाही. काऊन, तं ती 'पहिल्या' काढाले लावन, 'प्रा.' काढाले लावन. लिहन्या-वाचन्याच्या बाबतीत ती लय कडक. लागल्यावर दाखवू म्हनलं. लागल्यावर तिनं इचारलं नाही, आन म्याही दाखवला नाही.

चार महिने फ्लेक्स बसस्टँडवर होता. जो तो वाचे. वर डॉक्टर शीला, खाली प्रज्वलचं कॉइन. लोकं प्रज्वलच्या गाळ्यात जाऊन बसाले लागले. एक दिवस पुष्पाबाई दुकानात आली. तिनं पदराच्या गाठीवर हात ठेवला होता. मले म्हने, माणिक, हे शीलाचंच हाये ना?

त्या वेळी मले एकच शब्द बोलाचा होता. नाही. पन दुकानात चार गिऱ्हाइकं बसेल होती आन बहिणीचं नाव निंघालं होतं.

"काकू, ज्या विषयाची माही बहीण डॉक्टर हाये, त्या विषयात अमडापुरात येऊन खोटं कोन बोलंन?"

पुष्पाबाई उठली आन बाजूच्या गाळ्यात गेली. बावीस वर्षं खिचडी शिजवून मानधनातून मागं टाकलेलं सारं तिनं त्या कॉइनात टाकलं.

एप्रिलात प्रज्वलचा गाळा उघडला नाही. फोन बंद. मोबाईलमधलं ॲप उघडे ना. मोजलं तं गावातली एकतीस घरं निंघाली. पुष्पाबाईनं कोनाले काही म्हटलं नाही, सरळ शीलाले फोन लावला, की शीले, तुह्या कॉइनचं काय झालं? शीलाले तवा समजलं.

ती सकाळच्या बसनं आली. उतरली आन तिथीच उन्हात उभं राहून तिनं फ्लेक्स पुरा वाचला. मंग दुकानात आली. मी बोलत सुटलो, की प्रज्वलचे पाय मोडतो, मलकापूर खोदून काढतो. तिनं ऐकून घेतलं आन इचारलं, "दादा, फोटो काऊन नाही पाठवला?"

म्या टेबलावरची तार उचलून तिच्यासाठी जागा केली.

चार दिवस ती माह्या टेबलावर बसून एकतीस घरायच्या तक्रारी लिहत होती. कोनी किती टाकले, कवा टाकले, कोनाच्या मोबाईलवरून. जुलैत तिची मुलाखत होती. म्या तिले सांगतलं, फ्लेक्सचं लिहू नको, मी आज काढून जाळून टाकतो, तुही जागा जाईन. ती पेन खाली ठेवून म्हने, "लोकायनं पैसे काऊन देले, हेच लिहलं नाही, तं तक्रारीत उरते काय?"

पोलीस ठान्यात साहेबानं तिले इचारलं, मॅडम, तुमचं नाव टाकाले तुमची संमती होती का? मी मागं उभा होतो. तिनं नाही म्हटलं असतं तं ती सुटली असती, आन सारं माह्या अंगावर आलं असतं. आन ते खोटंही नव्हतं. ती म्हने, "कॉइनचं मले कोनी इचारलं नाही. पन फ्लेक्स लागनार हे मले माहीत होतं. मी पाहाले मांगितला, आला नाही. मंग चार महिने मी परत मांगितला नाही. ते माहं हाये." साहेबानं लिहून घेतलं. माहं जे होतं ते म्या सांगतलं, तेही लिहलं. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचंच नाव होतं. माहं नाव छापाले कोनाले पडलं होतं.

जुलैत मुलाखत झाली. संध्याकाळी तिनं फोन केला. समोर पाच जन बसेल होते. विषयाचा एक प्रश्न इचारला, बाकी सारे फ्लेक्सचे. एकानं इचारलं, तुमच्या प्रबंधात लिहलं हाये, की जानकाराचं नाव संमतीशिवाय टाकता येत नाही, मंग हे तुमच्या घरात कसं झालं? तिनं सांगतलं, हो सर, माह्याच घरात झालं. जागा दुसऱ्याले भेटली.

म्या म्हनलं, मी येतो कॉलेजात, वहाबभाईचं बिल दाखवतो, सारं म्या केलं म्हनून सांगतो. ती म्हने, नको दादा. तू सांगशीन ते खरं हाये, पन म्या सांगतलं तेही खरंच हाये.

आज ती सदतीसची हाये आन तासिकेवरच हाये. बँकेचा कायदा शिकवते, कंपनीचा शिकवते, डिजिटल पैशाचा शिकवते. तिचे विद्यार्थी बँकेत मोठ्या जागेवर गेले, कंपन्यायचे वकील झाले. हे मी आजही छाती ठोकून सांगतो, कारन ते खरं हाये. केस चालू हाये, तारखा पडतात.

फ्लेक्स काढला तवा जाळला नाही. पुष्पाबाईनं मांगितला. चांगला जाड हाये म्हने, न्हानीवर छप्पर म्हनून टाकाले होईन. माह्यानं नाही म्हनवलं नाही.

या जानेवारीत शीला आली तं म्हने, काकूकडे जाऊन येऊ. आंगनात पाय ठेवला तं न्हानीच्या उतरत्या छपरावर तिचंच तोंड, उन्हानं इटलेलं, आभाळाकडे पाहून राह्यलेलं. तिच्या फोटोवर इटा ठेवल्या होत्या, वाऱ्यानं उडू नये म्हनून. शीलानं वर पाह्यलं. ती सवयीनं चुलीपाशी खाली बसाले गेली. पुष्पाबाईनं तिचा हात धरला, आतून प्लास्टिकची खुर्ची आनली आन पदरानं पुसली.

"बसा मॅडम."

शीला उभीच राह्यली. म्हने, "काकू, शीले म्हन ना."

"नाही बाई. सारं गाव मॅडम म्हनते."

रागानं म्हनली असती तं बरं झालं असतं. ती अदबीनं बोलून राह्यली होती, जसं परक्या मानसासंगं बोलतात. चहा कपबशीत देला. वाटीची तं गोष्टच नाही. चहा झाल्यावर शीला कप धुवाले उठली, तं पुष्पाबाईनं तिच्या हातातून कप घेतला आन म्हनली, राहू द्या.

साऱ्या गावाले तो शब्द म्या शिकवला होता. एक पुष्पाबाईच शिकत नव्हती.