कूलर आणि उघडी खिडकी

अकोल्यात मे महिन्यात आमच्या शेजारचे काका कुणाच्याही घरात शिरले, की आधी खिडक्या बघतात. कूलर सुरू आणि खिडकी बंद दिसली, की चिडतात. "कावून लावली? वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून कोरडी हवा येते, ते पानी उडवते, तवा थंडावा होते. मंग ओली झालेली हवा भाईर जाऊ द्या ना!" स्वतः रोज खांद्यावरचा दुपट्टा भिजवून तारेवर टाकतात. तो झटकन वाळला, की हवा कोरडी, कूलर चालणार.

त्यांची ती सदा उघडी खिडकी आमच्या अंगणाकडे आहे. वांग्याच्या फोडणीपासून जावयाच्या नोकरीपर्यंत त्यांच्या घरातली सगळी भांडणं आम्हाला ऐकू येतात. त्यांना त्याची फिकीर नाही.

परवा दुपारी त्यांची मुलगी चांदूर रेल्वेच्या सासरहून एकटीच, मोठी बॅग घेऊन आली. थोड्या वेळाने तिचं रडणं ऐकू आलं आणि ती खिडकी बंद झाली. कूलर आत घरघरत राहिला.

संध्याकाळी काका ओट्यावर येऊन बसले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. मी काहीच विचारलं नव्हतं.

"आज हवाच लय ओली हाये," ते म्हणाले.

तारेवरचा त्यांचा दुपट्टा वाळून पापडासारखा कडक झाला होता.